रिसीव्हर निवडताना आधी पाय बघा, मग हात: एनएफएल ड्राफ्टच्या नवख्यांसाठी

एप्रिल संपत आला की एका गुरुवारी रात्री आठला अमेरिकेत एनएफएलचा, म्हणजे तिथल्या अमेरिकन फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट सुरू होतो: संघांनी आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडायची. भारतात तेव्हा शुक्रवारचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. तीन दिवस, सात फेऱ्या, बत्तीस संघ आणि कॉलेजातून आलेली अडीचशेच्या वर पोरं. न्यू जर्सीत राहायला आलो तेव्हा पहिली दोन वर्षं मला हा नावं वाचून दाखवायचा कंटाळवाणा कार्यक्रम वाटायचा. आता मार्च-एप्रिलमध्ये घरची माणसं माझ्याशी कामापुरतंच बोलतात, कारण बाकी कशावर बोलायला गेलं तरी मी शेवटी रिसीव्हरांवरच येतो.

क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि कडेला उभा असलेला गडी पळत जाऊन झेलतो, एवढं ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. तो कडेचा गडी म्हणजे वाइड रिसीव्हर. ड्राफ्ट समजून घ्यायला ही जागा सगळ्यात चांगली, कारण इथे शहाणेसुद्धा उघड्यावर फसतात.

माझ्या भागात फिलाडेल्फिया ईगल्सचे भक्त जास्त. त्यांच्यापुढे २०२० हा आकडा काढायचा नाही. त्या वर्षी २१व्या क्रमांकावर ईगल्सने टीसीयू कॉलेजचा जेलन रेगर घेतला. लगेच २२व्या क्रमांकावर मिनेसोटा व्हायकिंग्जने एलएसयूचा जस्टिन जेफरसन उचलला. जेफरसनने पहिल्याच मोसमात १,४०० यार्ड काढले, म्हणजे झेल घेऊन संघाला एवढं पुढे नेलं, आणि आज तो या खेळातल्या पहिल्या दोन-तीन रिसीव्हरांत गणला जातो. रेगरला ईगल्सने दोन मोसमांनंतर विकलं, आणि विकलं कुणाला, तर व्हायकिंग्जलाच! तेव्हा बोललं जात होतं ते असं: रेगर वाऱ्यासारखा पळतो, जेफरसन मैदानाच्या आतल्या बाजूने खेळणारा, बाहेर त्याचं कसं होणार कोण जाणे. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या चाचणीत ४० यार्डांना रेगरला ४.४७ सेकंद लागले होते आणि जेफरसनला ४.४३.

ही चूक कशी होते हे कळलं की अर्धं काम झालं.

पहिली पायरी: त्याचं काम काय, ते समजून घ्या

झेल घेणं हे रिसीव्हरच्या कामाचं शेवटचं टोक. खरं काम म्हणजे सुटणं. अंगाला चिकटलेल्या कॉर्नरबॅकपासून, म्हणजे रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूपासून, दोन पावलं लांब व्हायचं, आणि तेही बरोबर क्वार्टरबॅकच्या हातातून चेंडू निघायच्या वेळेला. क्वार्टरबॅकला बहुतेक वेळा अडीच-तीन सेकंदच मिळतात. रिसीव्हर त्याआधी सुटला तरी उपयोग नाही, नंतर सुटला तरी नाही. खो-खो खेळलेल्या माणसाला हे पटकन कळतं. नुसत्या वेगावर कुणी वाचत नाही, हुलकावणीवर वाचतो.

उभं राहायच्या जागा ढोबळमानाने तीन. एक्स, झेड आणि स्लॉट. चेंडू सुटताना, म्हणजे चाल सुरू होताना, आक्रमण करणाऱ्या संघाचे किमान सात गडी चाल जिथून सुरू होते त्या रेषेवर असावे लागतात. एक्स हा त्या रेषेवरचा, एकटा, एका कडेला. कॉर्नरबॅक त्याच्या तोंडासमोर उभा राहून पहिल्या पावलालाच त्याला ढकलू शकतो. याला प्रेस म्हणतात. झेड रेषेच्या पावलाभर मागे असतो, त्यामुळे त्याला श्वास घ्यायला थोडी जागा मिळते, शिवाय चेंडू सुटायच्या आधी तो आडवा पळून जागा बदलू शकतो. स्लॉट म्हणजे कडेचा रिसीव्हर आणि लाइन (क्वार्टरबॅकसमोर उभी असलेली धिप्पाड गड्यांची रांग) यांच्यामधली फट. तिथे दोन्हीकडे पळायची मोकळीक असते आणि समोर बरेचदा कमी दमाचा बचावपटू येतो.

म्हणून पोराच्या नावापुढे पहिलं टिपण हेच करायचं: हा कुठे उभा राहतो? स्लॉटमध्ये राहतो म्हणून तो कमी प्रतीचा, असं मात्र नाही. जेफरसन २०१९ मध्ये कॉलेजात बहुतांशी स्लॉटमध्ये खेळला आणि १११ झेल, १,५४० यार्ड, १८ टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेणं) करून गेला. बाहेर त्याला फारसं उभंच केलं नव्हतं. जे बघायला मिळालं नाही ते त्याला जमत नाही, असं धरून चालणं ही या धंद्यातली जुनी खोड आहे.

दुसरी पायरी: टेप बघायला शिका

हायलाइट बघून मत बनवू नका. हायलाइट म्हणजे लग्नाचा अल्बम, त्यात सगळे हसतच असतात. यूट्यूबवर शोधलं तर एखाद्या खेळाडूकडे एका सामन्यात फेकलेला प्रत्येक चेंडू, सुटलेले झेलसुद्धा, एकत्र लावलेले व्हिडिओ मिळतात. ते बघा. त्यातही एक अडचण आहे. टीव्हीचा कॅमेरा मैदानाच्या बाजूला उंचावर असतो आणि क्वार्टरबॅकवर रोखलेला असतो, त्यामुळे रिसीव्हर पहिल्या दोन सेकंदांत चौकटीबाहेर जातो आणि चेंडू हवेत असतानाच परत दिसतो. म्हणजे नेमकं सुटणंच दिसत नाही. अशा वेळी रिप्लेची वाट बघायची. रिप्लेत बहुधा मैदानाच्या टोकाकडचा कोन दाखवतात आणि पाय दिसतात.

प्रत्येकाचे किमान तीन सामने: एक त्याचा सगळ्यात गाजलेला, एक फसलेला आणि एक सगळ्यात तगड्या बचावाविरुद्धचा. तिसरा सोडू नका, विशेषतः पोरगा लहान कॉलेजचा असेल तर. कूपर कप ईस्टर्न वॉशिंग्टन नावाच्या, फार कुणी न पाहिलेल्या संघाकडून खेळायचा. पण २०१५ मध्ये ओरेगॉनसारख्या बड्या संघाविरुद्ध त्याने १५ झेल, २४६ यार्ड आणि तीन टचडाउन केले. तो एक सामना बघितला असता तर ‘लहान तळ्यातला मोठा मासा’ ही शंका तिथेच मिटली असती.

आता एक चाल अगदी जवळून बघू. सगळ्यात साधी, स्लँट: दोन-तीन पावलं सरळ आणि मग तिरकं आत.

कॉर्नरबॅक हाताच्या अंतरावर उभा आहे. चेंडू सुटतो. चांगला रिसीव्हर पहिलं पाऊल बाहेरच्या रेषेकडे टाकतो, पण नुसता पाय टाकून भागत नाही. खांदा तिकडे वळला पाहिजे, नजर तिकडे गेली पाहिजे. मग कॉर्नरची कंबर तिकडे उघडते. कंबर उघडली की तो अर्धा सेकंद गेला कामातून. त्याच क्षणी रिसीव्हर जवळच्या हाताने त्याचा हात झटकतो, दुसरं पाऊल त्याच्या पायाच्या आतून टाकतो आणि आता कॉर्नर पाठीवर असतो. तिसऱ्या पावलाला चेंडू छातीच्या उंचीवर, थोडा पुढे, आणि पंजे आधीच उघडलेले.

वाईट रिसीव्हर हेच कसं करतो? जागच्या जागी चार-पाच वेळा नाचतो. टाळ्या मिळतात, पण तोवर क्वार्टरबॅकची वेळ संपलेली असते. किंवा वळायच्या आधी छाती वर उचलतो. हे एकदा डोळ्यात भरलं की मग सगळीकडे दिसायला लागतं. पूर्ण वेगात पळणाऱ्याची छाती गुडघ्यांच्या पुढे असते. थांबायचं असलं की ती वर येते, आणि कॉर्नर तेच वाचत असतो. जो छाती न उचलता, ढुंगण खाली टाकून दोन-तीन पावलांत थांबतो आणि वळतो, त्याच्या नावापुढे मी चांदणी काढतो. वेग कितीही असो.

मी प्रत्येक चाल तीनदा बघतो. पहिल्यांदा रिसीव्हरचे पाय, दुसऱ्यांदा फक्त बचावपटू, तिसऱ्यांदा हात. दुसऱ्या वेळेला सगळ्यात जास्त कळतं. जानेवारी २०२१ मधला कॉलेजचा अंतिम सामना घ्या, अलाबामा विरुद्ध ओहायो स्टेट. अलाबामाच्या डेव्हॉन्टा स्मिथने पहिल्या अर्ध्यातच १२ झेल, २१५ यार्ड, तीन टचडाउन केले. आकडा थरारक आहे. पण तिसरं, ४२ यार्डांचं टचडाउन परत बघा: त्याच्यासमोर लाइनबॅकर आहे! म्हणजे अंगाने भारी, पायाने जड असा गडी. त्या चालीचं श्रेय प्रशिक्षकाच्या आखणीला जास्त. स्मिथ किती चांगला आहे हे त्याच्या दुसऱ्या, कॉर्नरसमोरच्या साध्या आठ-दहा यार्डांच्या चालींतून दिसत होतं. तसा तो चांगला होताच, तो पुढे येईल.

हातांबद्दल थोडंसं

झेल पंज्यांत घेतो की छातीशी कवटाळतो, बघा. छातीवर चेंडू घेणाऱ्याला एनएफएलमधला कॉर्नर मागून हात घालून तो उडवून देतो. सुटलेले झेल मोजा, पण कसा सुटला तेही लिहा. झेलायच्या आधीच पळायला मान वळवली म्हणून सुटला, तर ते सुधारतं. हातच उशिरा येतात म्हणून सुटला, तर ते फार कमी वेळा सुधारतं.

आणि सुटलेल्या झेलांवरून एकदम निकाल देऊ नका. सिनसिनाटी बेंगल्सने २०२१ मध्ये पाचव्या क्रमांकावर जमार चेस घेतला. मोसमाआधीच्या सराव सामन्यांत त्याच्या हातून चेंडू निसटत होते आणि त्यावर चेष्टा चालली होती. कॉलेजच्या चेंडूवर पांढरे पट्टे असतात, एनएफएलच्या चेंडूवर नसतात, त्यामुळे येताना तो नीट दिसत नाही, असं तो म्हणाला तर लोक अजूनच हसले. मग मोसम सुरू झाला आणि त्याने १,४५५ यार्ड काढले.

मला जास्त भीती वाटते ती गर्दीतल्या झेलांची. दोघांच्या डोक्यावरून उडी मारून काढलेला झेल दिसतो झकास. पण आधी हे विचारा: ती गर्दी तिथे आलीच का? तो सुटला नव्हता म्हणून! ॲरिझोना स्टेटचा एनकील हॅरी अशा झेलांसाठी प्रसिद्ध होता. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला २०१९ मध्ये ३२व्या क्रमांकावर घेतलं. एनएफएलच्या कॉर्नरांपासून त्याला सुटताच आलं नाही. त्याच्यानंतर त्याच ड्राफ्टात कोण गेले बघा: डीबो सॅम्युअल ३६वा, ए. जे. ब्राउन ५१वा, डीके मेटकाफ ६४वा, टेरी मॅक्लॉरिन ७६वा.

आणखी एक छोटी गोष्ट. कॉलेजात कडेच्या रेषेपाशी झेल घेताना एक पाय आत पडला की पुरतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. म्हणून कडेच्या झेलांत दुसरा पाय ओढून आत आणायची सवय आहे का, ते बघून ठेवा.

तिसरी पायरी: आकडे, पण भागिले करून

नुसते यार्ड फसवतात. संघ प्रत्येक सामन्यात पन्नास वेळा फेकत असेल तर यार्ड येणारच. म्हणून दोन भागाकार करायचे. एक, संघाच्या एकूण फेकीच्या यार्डांपैकी याचे किती? दुसरा, तो जितक्या वेळा रूट (झेलासाठी ठरवून दिलेली वाट) पळाला त्या प्रत्येक वेळेला सरासरी किती यार्ड? समजा एकाने मोसमात ४०० रूट पळून १,००० यार्ड काढले आणि दुसऱ्याने २५० रूटमध्ये ८००. पहिल्याचे अडीच पडतात, दुसऱ्याचे ३.२. यादीत वर पहिला दिसेल, टेप आधी दुसऱ्याची लावा.

वय जरूर बघा. एकोणीस वर्षांचा पोरगा बावीस-तेवीस वर्षांच्या पुरुषांना मागे टाकत असेल तर ती मोठी खूण. चेस २०१९ मध्ये एकोणीस वर्षांचा होता, ८४ झेलांत १,७८० यार्ड आणि २० टचडाउन. तेही त्याच संघात जेफरसन असताना. उलट पाचव्या वर्षी, वयाने सगळ्यांत मोठा झाल्यावर एकदम चमकलेला खेळाडू दिसला की मी हात आखडता घेतो.

रेषेच्या मागेच चेंडू हातात देऊन काढलेले यार्ड वेगळे काढा. पळायची ताकद त्यात कळते, सुटायची नाही. शिवाय फेकणारा कोण, हे विसरू नका. बारीक आकडे काढणारी संकेतस्थळं पैसे घेतात. नवख्याने पहिल्या वर्षी ते देऊ नयेत. साध्या फुकटच्या आकड्यांवर आणि कागद-पेन्सिलीवर पुष्कळ भागतं.

चौथी पायरी: इंडियानापोलिसचं घड्याळ

फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसला कम्बाइन भरते. तिथे पोरांची उंची, वजन, पंज्याची रुंदी मोजतात, उड्या मारायला लावतात आणि ४० यार्ड पळवतात. टीव्हीवर मजा येते. मी स्वतः चिप्सचं पाकीट घेऊन बसतो. पण या घड्याळाने जितके संघ बुडवले तितके दुसऱ्या कशाने बुडवले नसतील.

२००९ मध्ये ओकलंड रेडर्सने डेरियस हेवर्ड-बे सातव्या क्रमांकावर घेतला, ४.३० सेकंदांच्या जोरावर. पहिल्या मोसमात त्याचे झेल नऊ. २०१७ मध्ये जॉन रॉस ४.२२ पळाला, तेव्हाचा विक्रम. बेंगल्सने नवव्या क्रमांकावर घेतला. पहिल्या मोसमात झेल शून्य. त्याच ड्राफ्टात वर सांगितलेला कूपर कप ४.६२ पळाला आणि ६९व्या क्रमांकापर्यंत घसरला. २०२१ मध्ये त्याने १४५ झेल, १,९४७ यार्ड, १६ टचडाउन अशा तिन्ही यादींत पहिला नंबर काढला आणि वर सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडूही झाला. रॉसचा विक्रम २०२४ मध्ये झेव्हियर वर्दीने ४.२१ पळून मोडला. त्याला कॅन्सस सिटी चीफ्सने २८व्या क्रमांकावर घेतलं, म्हणजे लोक थोडे शहाणे झालेत.

मग घड्याळ फेकून द्यायचं का? नाही. टेपवर जे दिसलं त्याचा ताळा घ्यायला ते वापरायचं. टेपवर हा कुणालाच मागे टाकत नाही आणि घड्याळ ४.३५ सांगतंय, तर पुन्हा टेप बघा, अंगात वेग असून तो वापरता येत नाहीये. टेपवर पळून जातोय आणि घड्याळ ४.५५ म्हणतंय, तर समोरचे कॉर्नर कसे होते ते तपासा.

मेटकाफचं प्रकरण मजेशीर आहे. सहा फूट चार इंच, २२८ पौंड, आणि ४.३३ सेकंद. अंगावर शर्ट नसलेला त्याचा फोटो सगळीकडे फिरला होता. पण तीन शंकूंभोवती वळून पळायच्या चाचणीत ७.३८ सेकंद, फारच संथ. वळताच येत नाही, असा शिक्का बसला आणि तो ६४वा गेला. सिॲटल सीहॉक्सने काय केलं? त्याला फारसं वळायला लावलंच नाही. सरळ पळ, मध्येच थांबून परत ये, तिरका आत जा, असल्या मोजक्या रूटांवर त्याला खेळवला. त्याच्याकडे काय आहे ते बघून त्याला काम दिलं. नवख्याने ही गोष्ट नीट चघळावी, कारण इथून आपण पोराच्या परीक्षेतून संघाच्या परीक्षेत शिरतो.

अंगकाठीबद्दल एकच. डेव्हॉन्टा स्मिथ ड्राफ्टच्या आधी १६६ पौंड भरला, म्हणजे पंचाहत्तर किलो. एवढ्या हडकुळ्या पोराला एनएफएलमध्ये मोडून टाकतील असं म्हणणारे खूप होते. पण ज्याला पकडताच येत नाही त्याला मोडणार कसं? ईगल्सने २०२१ मध्ये त्याला घेतला आणि फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये चीफ्सविरुद्ध त्याने ४६ यार्डांचं टचडाउन केलं. आमच्या गल्लीत त्या रात्री फटाके वाजले.

पाचवी पायरी: आता संघाच्या खुर्चीत बसा

इथे बहुतेक नवखे गडबडतात. चांगला खेळाडू ओळखणं वेगळं आणि त्याला कुठल्या क्रमांकावर, काय मोजून घ्यायचं हे वेगळं. बाजारात हापूस ओळखता आला म्हणून सांगतील त्या भावाने पेटी उचलत नाही आपण.

आधी पैशाचं गणित. नवीन खेळाडूचा करार चार वर्षांचा आणि रक्कम क्रमांकावरून जवळजवळ ठरलेली. पहिल्या फेरीतल्याला पाचवं वर्ष वाढवायचा हक्क संघाकडे राहतो. जेफरसनचा पहिला करार चार वर्षांचे मिळून सुमारे १.३ कोटी डॉलर होता. २०२४ मध्ये नवा झाला तो चार वर्षांचे १४ कोटी, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटी. मधल्या वर्षांत व्हायकिंग्जला हा हिरा काचेच्या भावात पडला आणि उरलेला पैसा दुसरीकडे लावता आला. रिसीव्हर महाग झाले तशी ड्राफ्टातल्या रिसीव्हरची किंमत वाढली ती यामुळेच. २०२२ मध्ये पहिल्या १८ क्रमांकांत सहा रिसीव्हर गेले.

दुसरं, क्रमाने यादी करू नका, थर लावा. पहिल्या थरात दोन, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात आठ, असे. एकाच थरातले खेळाडू तुमच्या लेखी सारखे. आपला नंबर येईल तेव्हा त्या थरातले चार जण शिल्लक असतील तर घाई करायची नाही, आधी दुसरी गरज भागवायची. एकच उरला असेल तर मात्र विचार करायचा.

हा नियम मोडला की काय होतं, ते २०१४ मध्ये दिसलं. बफेलो बिल्सने नवव्या क्रमांकावरून चौथ्यावर उडी मारून सॅमी वॉटकिन्स घेतला आणि त्यासाठी पुढच्या वर्षीच्या पहिल्या आणि चौथ्या फेरीतली आपली निवडीची पाळी देऊन टाकली. वॉटकिन्स वाईट नव्हता. पण त्या वर्षी रिसीव्हरांचं पीक असं आलं होतं की सातव्याला माइक इव्हान्स, बाराव्याला ओडेल बेकहॅम, त्रेपन्नाव्याला डव्हान्टे ॲडम्स आणि त्रेसष्टाव्याला जार्व्हिस लँड्री मिळाले. जागेवर बसून राहिले असते तर बेकहॅम आयता समोर होता. इव्हान्सने पुढे सलग ११ मोसम हजाराच्या वर यार्ड काढून जेरी राइसच्या विक्रमाशी बरोबरी केली. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

वर सरकायची किंमत कळावी म्हणून एक जुना तक्ता आहे, डॅलस काउबॉइजचे तेव्हाचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. त्यात पहिला क्रमांक ३,००० गुणांचा, सोळावा १,००० चा, बत्तिसावा ५९० चा. आज संघांकडे नवे तक्ते आहेत, पण शिकायला हा पुरे.

हिशोब करून बघू. २०११ मध्ये अटलांटा फाल्कन्स २७व्यावरून थेट सहाव्यावर गेले, ज्युलिओ जोन्ससाठी. सहावा क्रमांक १,६०० गुण. त्यांनी क्लीव्हलँड ब्राउन्सला त्या वर्षीचे २७ (६८०), ५९ (३१०) आणि १२४ (४८) दिले. बेरीज १,०३८. उरलेल्यासाठी पुढच्या वर्षीची पहिली आणि चौथी फेरी. पाच पोरांच्या बदल्यात एक. जोन्स खरोखरच असामान्य निघाला, तरी एवढी किंमत मोजून मग बाकीचा संघ उभा करायला फाल्कन्सला पुढची वर्षं लागलीच. आणि ब्राउन्सने मिळालेल्या ५९व्या क्रमांकावर कोण घेतला? ग्रेग लिटल, रिसीव्हर! क्रमांक गोळा करून भागत नाही, ते वापरायलाही डोळा लागतो.

याच्या शेजारी ईगल्सची २०२१ ची खरेदी ठेवा. स्मिथसाठी ते बाराव्यावरून दहाव्यावर आले, त्यासाठी ८४वा क्रमांक दिला. तक्त्यावर १,३०० साठी १,२०० अधिक १७०. सत्तर गुण जास्त पडले, पण पुढचं वर्ष शाबूत राहिलं. एक-दोन पायऱ्या चढायला मी हरकत घेणार नाही. वीस पायऱ्या चढायच्या असतील तर जिना आपल्या घरचा आहे का ते बघावं.

तिसरा रस्ता बरेच जण विसरतात: तयार माल घ्या. रेगर फसला होता, त्याच्या आदल्या वर्षी ५७व्यावर घेतलेला जेजे आर्सेगा-व्हाइटसाइडही फसला होता, आणि त्याच्या सात नंबर मागे मेटकाफ होता. दोनदा पोळल्यावर ईगल्सने २०२२ च्या ड्राफ्टच्या रात्रीच १८वा आणि १०१वा क्रमांक देऊन टेनेसी टायटन्सकडून ए. जे. ब्राउनला आणलं आणि मोठा करार दिला. टायटन्सने त्या १८व्यावर ट्रेलॉन बर्क्स घेतला, म्हणजे ब्राउनसारखाच धिप्पाड, पण स्वस्त. कुणाचं साधलं हे सांगायची गरज नाही. हातचा ब्राउन सोडून दुसरा ब्राउन शोधू नये.

उशिराच्या फेऱ्यांत मात्र मनमोकळं वागावं. तिथे चुकलं तरी फार जात नाही. पुका नाकुआ २०२३ मध्ये पाचव्या फेरीत, १७७वा गेला आणि पहिल्याच मोसमात १०५ झेल, १,४८६ यार्ड काढून नवख्यांचे दोन्ही विक्रम मोडले. अमॉन-रा सेंट ब्राउन २०२१ मध्ये ११२वा, त्याच्या आधी सोळा रिसीव्हर गेले होते, आणि त्या सोळाही जणांची नावं त्याला तोंडपाठ आहेत. अशांमध्ये मी काय शोधतो? मोठ्या वेगाचा अभाव चालेल. पण रूट स्वच्छ हवेत, चेंडू हातात आल्यावर पहिल्या धक्क्याला न पडणारा हवा, आणि चेंडू आपल्याकडे येणार नसतानाही समोरच्याला अडवायला जाणारा हवा. ही तिसरी गोष्ट टेपवर फुकट दिसते आणि कुणी बघत नाही.

यंदा सुरुवात करायची असेल तर

दहाच नावं घ्या. शंभर घ्याल तर आठवड्यात सोडून द्याल. एक साधी वही करा. प्रत्येकाला एक पान: जागा, तीन सामने, पाय, हात, वय, दोन भागाकार, थर. आणि पानाच्या तळाशी एक वाक्य, ‘हा एनएफएलमध्ये कसा सुटेल?’ याचं उत्तर. ते एका वाक्यात लिहिता येत नसेल तर तुम्ही अजून त्याला बघितलेलं नाही. ते वाक्य ड्राफ्टच्या आधी, पेनाने लिहायचं. नंतर खाडाखोड करायचा मोह फार होतो.

ड्राफ्टच्या रात्री प्रत्येक नावापुढे क्रमांक, संघ, तिथला क्वार्टरबॅक आणि त्या संघात त्याच्या जागेवर आधीपासून कोण बसलाय, एवढं लिहून वही मिटा. तीन मोसमांनी उघडा. पहिल्या मोसमावर निकाल द्यायचा नाही, काहींना प्रेसची सवय व्हायलाच वर्ष लागतं.

माझी २०२० ची वही अजून आहे. जेफरसनच्या पानाच्या तळाशी माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘स्लॉटचा माणूस. बाहेर जमेल असं वाटत नाही. दुसरा थर.’ रेगरच्या पानावर चांदणी आहे.